हवापालटाची घरं

पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मला तो आवडला नाही. एवढं पाणी, आणि त्यातलं ओंजळभरसुद्धा तोंडात घालता येत नाही, हे मनाला पटेना. सोलापुरात चैत्र लागला की आमच्या गल्लीतल्या नळाखाली पहाटेपासून घागरींची रांग लागायची. दुपारी माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, पाय ठेववत नसे. अशा गावातून गेलेली मी. खारट पाण्याचं कौतुक मला कुठून असणार?

मी मूळची मैंदर्गीची. घरात कानडी, बाहेर मराठी. लग्न सोलापुरात झालं. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी आठवड्याच्या आत नवरा गेला, आणि त्याच साथीत माझी वहिनीही गेली. अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, मला आपल्या घरी आणलं. तो एका गिरणीच्या कापडखात्यात कारकून होता. दोन खोल्या, वर माळवद, आणि आम्ही दोघं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही आणि माझं करायचं कुणाच्या मनात आलं नाही. संध्याकाळी तो मला घरीच शिकवायचा. मराठी पुस्तकं मी भराभर वाचू लागले. त्या वाचण्यावरूनच माझं नाव गिरणीच्या मालकांच्या बंगल्यापर्यंत गेलं. मालकांच्या बायकोला सोबतीला कुणी वाचता येणारी बाई हवी होती.

बाईसाहेब माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. मला दारातच उभं ठेवून त्यांनी विचारलं, "मोठ्यानं वाचता येतं का?"

"येतं."

"आणि गप्प बसता येतं?"

"ते तर फारच चांगलं येतं," मी म्हणाले.

त्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले. त्या मालकांच्या दुसरेपणाच्या. वडील शाळामास्तर, घर गरिबीचं. मूलबाळ नव्हतं. मालक बहुतेक मुंबईला असत, आणि सोलापुरात असले तरी माणसांच्या गराड्यात. मोठ्या दिवाणखान्यात आम्ही दोघीच बसायचो. मी वाचायची, त्या ऐकायच्या. मी थांबले की घड्याळ ऐकू यायचं.

उन्हाळ्यात मात्र सगळं घर उचलून समुद्राकडे न्यायची रीत होती. सोलापुरातून रात्रभराची गाडी, मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, खाडीपलीकडे उतरलं की मोटार. तिथं सुरूच्या झाडांच्या रांगेत एका ओळीनं बंगले उभे होते, सगळे समुद्राकडे तोंड करून आणि गावाकडे पाठ करून. चार पुरे झालेले, पाचव्याचं नुसतं जोतं.

या बंगल्यांची हकिगत मला रखवालदाराच्या बायकोनं सांगितली. ती कोळ्याची लेक. अंगानं दणकट, बोलायला मोकळी. दुपारी बाईसाहेब झोपल्या की मागच्या विहिरीवर ती कपडे धुवायची आणि मी तिच्याजवळ बसायची.

"ह्यो पयला बंगला म्हाताऱ्या पारश्याचा," ती सांगायची. "त्याला दमा व्हता. डागदर बोलला, दर्याची हवा घे. तो आला, म्हून बाकीचे आले."

दुसरा कापसाच्या एका दलालानं बांधला, मुलीसाठी. तिला बारीक ताप यायचा. तिसरा आमच्या मालकांचा. चौथा कुठल्याशा संस्थानिकाचा, सगळ्यांत मोठा. त्याच्या घरात कुणीच आजारी नव्हतं. पण तिघांचे बंगले उठले, मग आपला मागे का राहावा, म्हणून त्यानं वर मनोरा चढवला, टेनिसचं पटांगण केलं, बोटीतून बर्मा साग आणवला. रंगीत काचा लावल्या. गृहप्रवेशाला बँड आला होता. त्यानंतर तो माणूस एकदाच येऊन दोन दिवस राहिला म्हणे, आणि त्याला डास चावले.

"आणि आधी इथं काय होतं?" मी विचारलं.

"आमची वाळवणं. आख्ख्या गावाची मासळी हितं सुकायची. सायबांना वास सोसंना, मग वाळवणं खाडीकडं हटवली. तिकडं ओल लई. निम्मी सुकट कुजून जाते."

ती हे काही रागानं सांगत नव्हती. तिच्या नवऱ्याला बंगल्याची नोकरी होती, दिराला चौथ्या बंगल्याची. गावातल्या निम्म्या घरांत या बंगल्यांचा पैसा येत होता. खारी हवा सगळ्या लोखंडाला खायची, म्हणून दर वर्षी बिजागऱ्या नव्या, रंग नवा, दारं पुन्हा रंधायची. साडेदहा महिने बंद राहायचं आणि दीड महिना उघडायचं, एवढ्यासाठी वर्षभर माणसं राबत होती.

आमचा बंगला मालकांनी पहिल्या बायकोसाठी बांधला होता. तिला क्षय झाला होता. समुद्रावरची खोली तिच्यासाठी, तीन बाजूंनी खिडक्या. शेजारी न्हाणीघर, त्यात औषधी पाण्यानं आंघोळ घालायला खास करवून घेतलेलं मोठं तांब्याचं घंगाळ. छपरावर कौलं चढत होती तेव्हाच ती सोलापुरात वारली. घर तरीही पुरं केलं. बाईसाहेब लग्न होऊन आल्या त्या त्याच खोलीत.

"हा पलंग माझ्या उंचीचा नाही," त्या मला एकदा म्हणाल्या. "ती उंच होती. आरसाही वर लावलाय. मला त्यात माझं कपाळच दिसतं."

"खाली घ्यायला सांगू का कुणाला?"

"नको. ते आले तर विचारतील."

मालक फारसे येत नसत. आले की शेजारच्या बंगल्यांतले पुरुष जमायचे, व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या जायच्या, कापसाच्या भावाच्या गोष्टी चालायच्या. बायका आतल्या खोलीत एकमेकींच्या साड्या पाहायच्या. मी कुठेच नसायची. मी नोकर नव्हते, त्यामुळे स्वयंपाकघरातली बाई मला आपल्यात घेत नसे. पाहुणीही नव्हते, त्यामुळे टेबलावर माझी जागा नव्हती. माझं ताट माझ्या खोलीत यायचं. ही खोली मागच्या बाजूला, विहिरीकडे. समुद्र तिथून दिसत नसे, नुसता ऐकू येई. सकाळी आमच्या लिंगायत रीतीनं तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करताना तो आवाज सारखा कानावर यायचा, आणि मला गिरणीच्या भोंग्याची आठवण व्हायची. भोंगा निदान थांबतो.

मला तिथं करमायचं नाही हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? लोक पैसे मोजून हवापालटाला येतात, आणि तुला फुकट मिळतंय, असंच कुणीही म्हणालं असतं. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खावीशी वाटायची. अण्णा एकटा जेवत असेल, असं सारखं मनात यायचं. कानडी शब्द तोंडात येऊन परत फिरायचे. तिथं कानडी कळणारं कुणी नव्हतं. एकदा मी विहिरीवर एकटीच स्वतःशी कानडीत बोलत होते. रखवालदाराच्या बायकोनं ते ऐकलं. तिला वाटलं, मी मंत्र म्हणतेय. ती हात जोडून उभी राहिली.

असे काही उन्हाळे गेले. मग तो उन्हाळा आला.

त्या वर्षी मिठाचा कायदा मोडायची चळवळ सगळीकडे पेटली होती. सोलापुरात रोज मिरवणुका निघत. मालकांनी आम्हाला नेहमीपेक्षा आधी समुद्राकडे धाडलं. "गडबड शमेपर्यंत तिकडेच राहा," म्हणाले. तिथं पोचलो तर रांगेतले बाकीचे बंगले बंद. पारशी म्हातारा मागच्या पावसाळ्यात वारला होता. दलालाचा धंदा बसला होता. संस्थानिकाचा प्रश्नच नव्हता. एवढ्या लांब किनाऱ्यावर दिवे लागायचे ते आमच्याच खिडक्यांत.

एके सकाळी रखवालदाराची बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्याला ओलं फडकं, चेहऱ्यावर काहीतरी धाडस केल्याची लाली.

"बाईसाहेब, गावातल्या बाया आज दर्याचं पाणी कढवनार हायत. मीठ काढायला. तालुक्याचे लोक आलेत. आमच्याकडं भांडी ल्हान. तुमचं येखादं मोठं भांडं मिळंल का?"

मला वाटलं, बाईसाहेब तिला हाकलून देतील. मालक सरकारदरबारी मान असलेले. त्यांच्या बंगल्यातून या कामाला भांडं जायचं म्हणजे काय, ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

बाईसाहेबांनी न्हाणीघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाणीघरातलं घंगाळ घेऊन जा."

"ते मोठ्या बाईंचं हाय."

"हो. त्यांनी ते कधी वापरलं नाही. मीही नाही. कुणीतरी त्यात पाणी तापवू दे."

तिनं आणखी एका बाईला हाक मारली आणि दोघींनी मिळून घंगाळ वाळूत नेलं. बाईसाहेब व्हरांड्यात उभ्या राहून पाहत होत्या. खाली पन्नासेक माणसं असतील, निम्म्या बायका. तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. कुणीतरी गाणं म्हणत होतं. मग बाईसाहेबांनी चपला काढल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. मी मागोमाग धावले.

"कुठं निघालात?"

"पाणी आणायला. सगळ्या आणतायत की."

त्यांनी एक कळशी घेतली आणि सरळ पाण्यात शिरल्या. इतक्या उन्हाळ्यांत त्यांनी कधी वाळूवर पाय ठेवला नव्हता. एक लाट आली आणि नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजली. त्या ओरडल्या, आणि मग हसत सुटल्या. असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "अगं, ओढतंय!" त्या म्हणाल्या. "पायाखालची वाळू ओढून नेतंय, बघ!" मीही उतरले. पाणी कोमट होतं. मला ते थंड असेल असं वाटलं होतं.

मीठ निघालं ते मूठभर, काळपट, राखेनं भरलेलं. प्रत्येकीनं चिमूट चिमूट घेतलं. दुपारी फौजदार आला. त्यानं पुरुषांना पकडलं, चुली लाथेनं उधळल्या आणि भांडी जप्त केली. बायकांना हात लावला नाही. बाईसाहेब ओल्या लुगड्यानं बंगल्यात परत आल्या, आणि मला शेजारी बसवून म्हणाल्या, "आज इथंच जेव. माझ्याजवळ." आम्ही व्हरांड्यात बसून जेवलो. त्या खूप बोलत होत्या. माहेरच्या अंगणातलं चिंचेचं झाड, वडिलांची छडी, लग्नाच्या दिवशी शालूच्या ओझ्यानं दुखलेले खांदे. इतके दिवस मी त्यांना दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून दाखवत होते. त्यांच्याजवळ त्यांचं स्वतःचं एवढं होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

पण घंगाळावर नाव कोरलेलं होतं. लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं, मोठ्या बाईंचं नाव, खाली मालकांचं. जप्तीच्या कागदावर ते जसंच्या तसं उतरलं. कितीतरी वर्षांपूर्वी वारलेल्या बाईनं सरकारचा कायदा मोडला होता. आठवड्याभरात मालकांची तार आली. 'घराबाहेर पडू नये.' एवढंच.

त्याच सुमारास सोलापूरची बातमी आली. आगबोटीनं आलेल्या वर्तमानपत्रात होती. गोळीबार झाला, माणसं मेली, कोर्ट जळलं, पोलीस गाव सोडून गेले आणि आता लष्करी कायदा पुकारला आहे. पांढरी टोपी घालायला बंदी. मी ती बातमी बाईसाहेबांना वाचून दाखवत होते, आणि मध्येच मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. अण्णा पांढरी टोपी घालायचा. चळवळीतला नव्हता तो. घरातल्या खादीच्या तुकड्याची मीच शिवून दिली होती.

मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. दिवसभर मी व्हरांड्यात जाऊन बसू लागले. मला कुणी उठवलं नाही. बाकीच्या बंगल्यांची दारं वाऱ्यानं आतल्या आत खडखडायची. इतकी मोठी घरं, आणि एका माणसाची खबर देईल असं त्यांत कुणी नव्हतं.

एका सकाळी बाईसाहेब म्हणाल्या, "सामान बांध. आपण सोलापूरला जाऊ."

"मालक नको म्हणालेत."

"ते म्हणालेत मला. तू एकटी निघाली असतीस, आणि तुला एकटीला मी सोडणार नाही. मग मलाही यावंच लागेल ना?"

आम्ही दोघी निघालो. आगबोटीत त्यांना उलट्या झाल्या. गाडीत त्यांनी माझ्यासोबत बायकांच्या साध्या डब्यात बसायचा हट्ट धरला. सोलापूर स्टेशनावर गोरे सोजीर संगिनी लावलेल्या बंदुका घेऊन उभे होते. बाहेर टांगा नाही. रस्त्यावर माणसं बोडक्यानं चाललेली. सोलापुरात उघड्या डोक्यानं फिरणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. सगळं गाव सुतकात असल्यासारखं दिसत होतं. बाईसाहेबांनी मालकांचं नाव सांगितलं तेव्हा आम्हाला जाऊ दिलं.

आमच्या दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी मला पाहून बाहेर आली.

"तुज्या भावाला नेलं की गं," ती म्हणाली. "विजापूरच्या तुरुंगात हाय म्हनत्यात. सोजीर म्हनला, टोपी काड. यानं काडली, खिशात ठेवली. जरा म्होरं गेला अन् परत घातली."

पुढं तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मी अण्णाला विचारलं, "का घातलीस परत?"

तो जरा ओशाळून म्हणाला, "ऊन लागत होतं, तंगी." धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात.

तो खरंच तसं म्हणाला. त्याला बरेच महिने शिक्षा झाली होती. आयुष्यात त्यानं कुणाशी भांडण केलं नव्हतं. मला अजून कळत नाही, ते फक्त ऊन होतं की आणखी काही. त्यानंही कधी उलगडून सांगितलं नाही.

बाईसाहेबांनी मालकांकडे शब्द टाकला. मी दिवाणखान्याच्या दाराशी उभी होते. त्या म्हणाल्या, "आपल्याच कापडखात्यातला माणूस आहे. तुम्ही साहेबांशी बोललात तर सुटेल."

मालकांचा आवाज चढला नाही. "घंगाळाबद्दल मला आधीच बोलावं लागलंय," ते म्हणाले. "साहेब हसत होते. माझ्या मेलेल्या बायकोचं नाव घेऊन हसत होते. आता कारकुनासाठी मी पुन्हा जाणार नाही."

बाईसाहेब दिवाणखान्यातून बाहेर आल्या. मला वाटतं, त्या वेळी त्यांना त्या माणसाचीही थोडी कीव आली असावी. मलाही आली. पहिल्या बायकोसाठी त्यानं एवढं घर बांधलं होतं, आणि तिचं नाव चारचौघांत थट्टेचं झालं होतं. पण अण्णा तुरुंगातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवाणजीनं मला सांगितलं, आता सोबतीची गरज नाही. बाईसाहेब फाटकापर्यंत आल्या. मी म्हणाले, "येते." त्यांनी मान हलवली. फाटकावर नोकर उभे होते, त्यामुळे बोलणं तेवढंच झालं.

तो पावसाळा मी एकटीनं काढला. सोलापूरचा पाऊस तो केवढा! पण माळवद एका कोपऱ्यात गळायचं आणि तिथं पातेलं ठेवायला मी रात्री उठायची. भाकरी दोनच थापायच्या, तरी हात चुकून तिसरी थापायचा. महिन्यातून एकदा विजापूरच्या गाडीत बसायची. गाडीत कानडी बोलणाऱ्या बायका भेटायच्या. त्यांच्याशी मी सारखी बोलत राहायची, कशावरही, म्हशींवर, कडब्यावर. त्यांना वाटत असेल, ही बाई किती बडबडी आहे.

अण्णा फाल्गुनात सुटला. वाळला होता, पण चेहरा शांत होता. गिरणीनं त्याला परत घेतलं नाही, दुसऱ्या गिरण्यांनीही नाही. मग तो हातमागाच्या चादरी पाठीवर घेऊन बाजार करू लागला. टेंभुर्णी, अकलूज, कधी आमची मैंदर्गी. मला मुलींच्या शाळेत काम मिळालं. विणकरांच्या पोरी यायच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्या मला अक्का म्हणायच्या. त्यांना मराठी शिकवता शिकवता माझं दिवसाचं एकटेपण कमी झालं. संध्याकाळचं तसंच राहिलं.

पुढं मंदी आली. मालकांची गिरणी काही महिने बंद होती. समुद्रावरचा बंगला विकल्याचं कानावर आलं. मी पुन्हा त्या किनाऱ्यावर गेले नाही. पण माझ्या शाळेतली एक बाई तिकडची. सुट्टीवरून आली की ती सांगायची. पारशाच्या बंगल्यात आता क्षयाच्या रोग्यांचा दवाखाना आहे. दलालाचा पडून आहे, सागाची दारं लोकांनी काढून नेली. संस्थानिकाच्या मनोऱ्यावर वीज पडली. आमच्या बंगल्यात मुंबईचा कुणी कंत्राटदार भाड्यानं खोल्या देतो, उन्हाळ्यात एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. आरशाचं काय झालं ते मी विचारलं नाही. तिला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

बाईसाहेबांची आणि माझी त्यानंतर एकदाच भेट झाली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत. संक्रांतीची थंडी होती, धुरळा होता, माणसांची रेटारेटी. मी आणि अण्णा चालत होतो. त्यांची मोटार गर्दीत अडकली होती. त्यांनी मला पाहिलं, दार उघडलं आणि खाली उतरल्या. केस बरेच पांढरे झाले होते.

"हाच ना तुझा भाऊ?" त्यांनी विचारलं.

अण्णानं नमस्कार केला.

"मला तुमच्यासाठी काही करता आलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही हिला घरापर्यंत पोचवलंत," अण्णा म्हणाला. "मला तुरुंगात ते कळलं तेव्हा झोप लागली."

त्यांनी अण्णाला हात जोडले. मग मला म्हणाल्या, "त्यांना अर्धांगाचा झटका आलाय. बोलता येत नाही. मी दिवसभर जवळ बसते. माझ्या हाताशिवाय जेवत नाहीत आता."

"मी येऊ का वाचायला? शाळा सुटल्यावर?"

त्यांनी माझा हात धरला. "येशील?"

"येईन."

मी पुढच्याच आठवड्यात गेले. फाटकावर नवा पहारेकरी होता. तो म्हणाला, सगळे मुंबईला गेले, मालकांच्या पुतण्याकडे, औषधपाण्यासाठी. कधी येणार ते त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला माझं नाव सांगून ठेवलं, बाईसाहेब आल्या की सांग म्हणून. पुढचे काही महिने शाळेतून येताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं यायची. फाटक उघडं दिसलं नाही. मग परीक्षा आल्या, अण्णाला ताप येऊ लागला, घरी लवकर पोचावं लागे, आणि मी पुन्हा जवळच्या रस्त्यानं येऊ लागले.